युद्धानंतरचे दावे आणि आपलं शाल-श्रीफळ

२६ जुलै जवळ आला की पुण्यात माजी सैनिकांना एकदम डिमांड येते. कारगिल विजय दिवस असतो, मग प्रत्येक मंडळाला, प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघाला आणि निवडणूक लढवायच्या तयारीत असलेल्या प्रत्येक भावी नगरसेवकाला स्टेजवर एक तरी फौजी हवा असतो, शक्यतो मेडल लावलेला, आणि फ्लेक्सवर त्याच्या फोटोपेक्षा नेत्याचा फोटो मोठा. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, दोन मिनिटं मनोगत, तेही माईकवाला घड्याळ दाखवेपर्यंत. माझा सत्काराला आक्षेप नाही, करा की, माणूस खूश होतो. आक्षेप आहे तो सत्कार झाला म्हणजे आपलं देणं फिटलं असं समजण्याला. कारण त्याच स्टेजवरच्या माणसाची पेन्शनची फाइल कुठेतरी अडकलेली असते आणि ते स्टेजवर कोणी विचारत नाही, विचारलं तर कार्यक्रमाचा मूड जातो.

माझं म्हणणं थोडक्यात असंय की युद्ध संपल्यावर दोन गोष्टी मिटवायच्या उरतात. एक, कोणाला किती द्यायचं आणि दोन, कोणाचं नाव इतिहासात कसं लिहायचं. ह्या दोन्ही गोष्टी कागदावर, उघडपणे आणि ठरलेल्या मुदतीत मिटल्या पाहिजेत. आपण त्या भावनेवर सोडून देतो आणि मग देणं कोर्टात कुजत पडतं आणि नावाचा निकाल कट्ट्यावर लागतो, जो खरं तर कधीच लागत नाही. आणि हे पुण्याने म्हणायला हवं, कारण ह्या शहराला युद्धानंतरचं सगळं जवळून माहितीय. सदर्न कमांडचं मुख्यालय इथे. खडकीला क्वीन मेरी इन्स्टिट्यूट, जी पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना धंदा शिकवायला १९१७ साली सुरू झाली. कृत्रिम हातपाय बसवणारं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून इथे. कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांचं पॅराप्लेजिक सेंटर, तेही खडकीलाच, १९७४ पासून. राज्याचा सैनिक कल्याण विभाग घोरपडीला, आणि त्याच्या समोर राष्ट्रीय युद्ध स्मारक, जे पुण्याच्या लोकांनी वर्गणी काढून उभं केलं. एवढं सगळं हाताशी असताना आपली समज मात्र टीव्हीवरच्या डिबेटमधून येते.

आधी पैशाचं बोलतो, कारण त्याबद्दल बोलायला लोकांना लाज वाटते. वन रँक वन पेन्शनसाठी, म्हणजे रँक आणि सेवा सारखी तर पेन्शनही सारखी, ह्या मागणीसाठी २०१५ साली माजी सैनिक जंतरमंतरवर बसले तेव्हा आपल्याकडचे बरेच सुशिक्षित लोक म्हणत होते की फौजींनी असं रस्त्यावर बसू नये, शोभत नाही. शोभत नाही म्हणणाऱ्यांना हे माहीत नव्हतं की १९७३ च्या तिसऱ्या वेतन आयोगानंतर जवानाची पेन्शन शेवटच्या पगाराच्या ७० टक्क्यांवरून ५० वर आली, आणि जवान पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो, ५८ ला नाही, म्हणजे पोरं शाळेत असताना ह्याची अर्धी पेन्शन सुरू. असो, ते प्रकरण २०१५ च्या नोव्हेंबरच्या आदेशाने आणि २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने एका वळणावर येऊन थांबलंय, त्यात मी जास्त शिरत नाही.

खरी गोम आहे डिसेबिलिटी पेन्शनची. त्यात काय होतं ते नीट समजून घ्या. जवान भरती होताना डॉक्टर त्याला उलटापालटा करून तपासतात, दात मोजतात, कान बघतात, छाती फुगवायला लावतात, आणि फिट म्हणून शिक्का मारतात. पंधरा-वीस वर्षांनी तोच माणूस पाठ गेलेली, कान गेलेला, डोकं फिरलेलं घेऊन बाहेर पडतो, तेव्हा मेडिकल बोर्ड बसतं आणि लिहितं की आजाराचा सेवेशी संबंध नाही, सेवेमुळे झाला नाही आणि सेवेमुळे वाढलाही नाही. बस, एक ओळ. कारण काय, ते बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग ह्यांच्या केसमध्ये सरळ सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत झाला असंच धरायचं, शंकेचा फायदा जवानाला द्यायचा, पुरावा त्याच्याकडे मागायचा नाही. आता हे काही कोर्टाने नवीन शोधून काढलेलं नव्हतं, १९८२ च्या नियमांचाच सरळ अर्थ लावला होता. पण त्यानंतरसुद्धा तीच एक ओळ लिहिणं चालूच राहिलं, आणि फौजेच्या केसेस ऐकणाऱ्या ट्रिब्युनलमध्ये जवान जिंकला की सरकार वर अपिलात जाणं पण चालू राहिलं.

मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांना हे खटकलं होतं. त्यांनी २०१५ साली एक तज्ज्ञ समिती नेमली, विषय एवढाच की संरक्षण खातं स्वतःच्याच माणसांशी इतकं भांडतं का आणि ते कमी कसं करायचं. समितीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहवाल दिला, काही महिन्यांत, सरकारी समितीच्या मानाने हा चमत्कारच. जायबंदी सैनिकांविरुद्धची अपिलं थांबवा असं त्यात स्पष्ट होतं. थांबली का? जे वकील ह्या केसेस करतात त्यांना विचारून बघा, ते हसतात.

वानवडीकडे एक झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे मी माझ्या कामासाठी गेलो होतो तर पुढे एक सत्तरीचे गृहस्थ, धोतर नाही, पँट आणि बुशशर्ट, पण पाठ अशी सरळ की लगेच कळावं. माण तालुक्यातले. दुकानदार त्यांना मेजर म्हणत होता, ते रिटायर झाले हवालदार म्हणून, पण सातारा भागात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. हातात प्लॅस्टिकची फाइल, त्यात डिस्चार्ज बुक, पीपीओची म्हणजे पेन्शनच्या आदेशाची कॉपी, घडी पडून पडून मधोमध फाटायला आलेलं एक पत्र. पत्र इंग्रजीत दीड पानाचं, त्यातली सव्वा पानं नियमांचे नंबर. त्यांनी मला वाचायला दिलं, म्हणाले बघा सायेब काय म्हणतंय. म्हणत काय होतं, तर डाव्या कानाचं बहिरेपण सेवेशी संबंधित नाही. मी सांगितलं. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "आख्खी सर्विस तोफंच्या शेजारी उभा ऱ्हायलो, मग कान काय बेंडबाज्यानं गेला व्हय?" तेवढ्यात दुकानदार म्हणाला, मेजर, तिसरं पान पुसट आलंय, परत काढू का. परत काढलं. पुढची भानगड अशी की पेन्शनचं सगळं आता स्पर्श पोर्टलवर, ओटीपी येतो नातीच्या मोबाईलवर आणि नात कॉलेजला, त्यामुळे ती येईपर्यंत थांबणं आलं. थांबले तेवढ्यात सत्काराचा विषय निघाला तर म्हणे यंदा चार नारळ मिळाले, सून म्हणती आता चटणी करून करून कंटाळा आला. मी ह्यावर काय बोलणार.

आता दुसरी बाजू पण सांगतो, कारण ती खोटी नाहीये. खोटे दावे असतात. रिटायरमेंट जवळ आली की अचानक बीपी, शुगर, पाठदुखी कागदावर चढते हे फौजेतलेच लोक सांगतात, आणि डिसेबिलिटी घेऊन बाहेर पडणाऱ्यांत अधिकाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा बरंच जास्त आहे हे कॅगने पण नोंदवलंय. जो उन्हात आणि बर्फात जास्त राबतो त्याच्यापेक्षा ऑफिसात बसणाऱ्याला आजार जास्त कसे, हा प्रश्न रास्त आहे. ह्याच कारणावरून सरकारने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये नवीन नियम आणले, बऱ्याच गोष्टी कडक केल्या. पण मला त्यातली मेख अशी दिसते की ज्याला फाइल कशी फिरवायची कळतं तो कडक नियमातूनही वाट काढतो, आणि ज्याची नात कॉलेजला गेल्यावर ओटीपी सांगायला कोणी नसतं तो ढिल्या नियमातही अडकतो. नियम कडक करून चोर सापडत नाही. बोर्डाने कारण सविस्तर लिहिलं पाहिजे आणि ते त्या माणसाला त्याच्या भाषेत मिळालं पाहिजे, म्हणजे खोटा दावा पण उघडा पडतो आणि खरा पण.

नावाचा प्रश्न पैशापेक्षा किचकट. इथे पुण्याचं उदाहरण घेऊ, मुरलीकांत पेटकर. सांगलीकडचे, फौजेच्या ईएमईत म्हणजे यंत्रं-गाड्या दुरुस्त करणाऱ्या विभागात होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली. त्या माणसाने १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सोनं मिळवलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक सोनं. नंतर पुण्यात टेल्कोत नोकरी केली, इथेच राहिले. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी ऐंशीच्या दशकात अर्ज केला होता, तो नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ ला, अर्जुन मिळाला २०२५ च्या जानेवारीत, तोसुद्धा त्यांच्यावर मोठा हिंदी सिनेमा येऊन गेल्यावर. म्हणजे मेडल मिळाल्यापासून पन्नास वर्षांहून जास्त. त्यातली बरीच वर्षं हा माणूस ह्याच शहरात राहत होता आणि आपल्यातल्या शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना तो कोण हे माहीत नव्हतं. क्रेडिट सिनेमाला द्यायला माझी हरकत नाही पण सरकारी फाइलीत १९७२ चा निकाल काही गुप्त नव्हता, जागतिक स्पर्धेचा रेकॉर्ड होता, छापलेला होता. तो उघडून बघायला अर्धं शतक लागलं.

युद्धातल्याच कामगिरीचं म्हणाल तर तिथे अजून गोंधळ, कारण तिथे रेकॉर्ड लिहिणारा आणि ज्याच्याबद्दल लिहितोय तो, दोघं एकाच साखळीत. कारगिलला बटालिक सेक्टरमध्ये ब्रिगेडियर देविंदर सिंग ह्यांची ७० इन्फंट्री ब्रिगेड लढली. त्यांच्या कामगिरीचा अहवाल त्यांच्या वरच्या कोअर कमांडरने असा लिहिला की त्यांचं प्रमोशन आणि मेडल दोन्ही गेलं. ते भांडत राहिले, आणि २०१० च्या मे महिन्यात आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलने निकाल दिला की अहवालात पक्षपात झाला, ते शेरे काढा आणि बटालिकच्या लढाईचं लिखाण दुरुस्त करा. अकरा वर्षांनी. म्हणजे एका देशाच्या ट्रिब्युनलने स्वतःच्या सैन्याला सांगितलं की तुमचा युद्धाचा इतिहास चुकलाय, परत लिहा. मला हे लाजिरवाणं वाटत नाही, उलट मला ह्याचा अभिमान वाटतो, कारण किती देशांत हे शक्य आहे? पण हे शक्य झालं कारण ट्रिब्युनलला कागद मागवता आले. ट्रिब्युनलचा कायदाच २००७ चा, कामकाज सुरू झालं २००९ ला. त्याच्या आधीच्या युद्धांतल्या लोकांनी कुठे जायचं?

चीनच्या युद्धातली लडाखची रेझांग ला खिंड घ्या. १८ नोव्हेंबर १९६२, १३ कुमाऊँची चार्ली कंपनी, मेजर शैतान सिंग आणि १२० च्या आसपास जवान. जे मोजके वाचले त्यांनी खाली येऊन सांगितलं की शेवटच्या गोळीपर्यंत लढले सगळे, तर लोकांना ते खरं वाटेना, एवढी माणसं अशी एकदम जागच्या जागी कशी मरतील म्हणे. १९६३ च्या फेब्रुवारीत बर्फ थोडा उतरला आणि प्रेतं सापडली, खंदकात, हातात बंदुका धरलेली, तेव्हा विश्वास बसला. जिवंत माणसाच्या साक्षीवर बसला नाही तो प्रेतांवर बसला. आणि कारगिलमध्ये उलट प्रकार झाला, ग्रेनेडियर योगेंद्र सिंग यादवला परमवीर चक्र मरणोत्तर म्हणून जाहीर झालं आणि तो हॉस्पिटलमध्ये जिवंत, त्याच नावाचा दुसरा जवान गेला होता. ह्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता, धामधुमीत होतं असं. पण म्हणूनच तर युद्धानंतर शांतपणे बसून नावं ताडून घेण्याचं काम असतं, ते कोणीतरी करायचं असतं.

आणि १९६२ चं तर काय सांगावं. हेंडरसन ब्रुक्स आणि भगत ह्या दोन अधिकाऱ्यांनी १९६३ मध्ये पराभवाचा अहवाल लिहून दिला, त्याला साठ वर्षं होऊन गेली तरी सरकारने तो अधिकृतपणे उघडला नाही, २०१४ मध्ये त्याचा काही भाग बाहेर फुटला तेवढाच. काँग्रेसने उघडला नाही, भाजपने विरोधात असताना मागितला आणि सत्तेत आल्यावर उघडला नाही. परिणाम काय, तर आजही कोण पळालं, कोणी आदेश दिला, कोण जबाबदार ह्याचा निकाल व्हॉट्सअ‍ॅपवर लागतो. त्याउलट कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समिती २९ जुलै १९९९ ला नेमली, काही महिन्यांत अहवाल, २००० च्या फेब्रुवारीत संसदेत ठेवला, काही भाग झाकून का होईना. त्यावर टीका झाली, ती पण अहवाल वाचून झाली. फरक पडतो.

कागदावर नीट नोंद नसली की काय होतं हे पुण्याने फार आधी बघितलंय, पानिपतानंतर. भाऊसाहेबांचं नक्की काय झालं ह्याची खात्री पटेना, एक शीर नसलेलं धड सापडलं, त्यावर अंत्यसंस्कार झाले, पण ते त्यांचंच का ह्यावर लोकांची शंका गेली नाही, आणि पार्वतीबाईंनी स्वतःला विधवा मानलं नाही असं सांगतात. मग काही वर्षांत मी भाऊ म्हणून एक जण उभा राहिला. सुखनिधान नावाचा, बुंदेलखंडाकडचा कनोजी ब्राह्मण. माधवरावांच्या काळात त्याची पुण्यात चौकशी झाली, तोतया ठरला, किल्ल्यावर कैदेत टाकला. तरी १७७६ साली रत्नागिरीहून सुटल्यावर कोकणात हजारो माणसं त्याच्यामागे गेली, शेवटी आंग्र्यांनी पकडून दिला आणि पुण्यात देहांत शासन झालं. पंधरा वर्षं झाली होती लढाईला. त्या हजारो माणसांना मी मूर्ख म्हणणार नाही, त्यांच्यातल्या कितीतरी घरांत कोणीतरी पानिपतावर गेलेलं आणि परत न आलेलं असणार, त्यांना भाऊ जिवंत असण्यात स्वतःचा माणूस जिवंत असण्याची आशा होती. आपल्याकडे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतल्या बेपत्ता सैनिकांची मिसिंग ५४ नावाची यादी आहे, त्यांचे काही नातेवाईक २००७ साली पाकिस्तानच्या तुरुंगांत बघून आले, हात हलवत परत आले, आणि अजूनही मधूनच कोणीतरी सांगतं की अमक्या जेलमध्ये आवाज ऐकला होता. त्या घरांना आपण काय सांगणार?

होळकरांचं तर विचारूच नका. मल्हारराव रणांगणातून निघून गेले, ते दगा देऊन गेले की भाऊंनी बायकामाणसं बाहेर काढायला सांगितलं म्हणून गेले, हा वाद आजही सदाशिव पेठेत रंगात येऊन घातला जातो, दोन्ही बाजूंनी बखरी काढल्या जातात, आणि अडीचशे वर्षांनंतरही लोक जातीवर जातात. त्या वेळी कोणी बसून साक्षी नोंदवल्या असत्या तर, असं मनात येतं. नसतील नोंदवल्या, ठीक आहे, तेव्हा तशी पद्धत नव्हती. आज आहे की.

आता भीमा कोरेगावबद्दल लिहिताना हात थोडा आखडतो, कारण २०१८ नंतर त्या नावावर कोणी काही बोललं की लगेच बाजू विचारतात. पण माजी सैनिकांच्या दाव्यांवर लिहायचं आणि पेरणे गावातला ह्या लढाईचा जयस्तंभ सोडायचा हे मला पटत नाही. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीची जी माणसं पडली त्यांची नावं स्तंभावर कोरलीत, ४९ नावं, त्यात २२ महार सैनिकांची. कंपनीने दगडावर मान दिला. आणि त्याच इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लढाऊ जातींचं खूळ डोक्यात घेऊन महारांची भरती बंद केली. मग कोण उठलं? पेन्शनर उठले. गोपाळबाबा वलंगकर, स्वतः फौजेतून रिटायर झालेले, त्यांनी १८९४ साली अर्ज केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे ह्यांनी १९१० साली थेट इंग्लंडच्या सरकारकडे अर्ज केला. मागणी काय होती, तर आमच्या लोकांनी तुमच्यासाठी लढाया लढल्या, आमच्या पोरांना भरतीचा हक्क परत द्या. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ महार पलटण उभी केली, गरज संपली तशी १९२१ ला मोडली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला स्तंभावर आले ते ह्या पार्श्वभूमीवर, आणि महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ ला, तीसुद्धा दुसरं महायुद्ध पेटल्यावर. म्हणजे सरकारला माणूस हवा असला की आठवण, नको असला की स्तंभाकडे बोट. मला वाटतं वलंगकर आणि कांबळे ह्यांचे ते अर्ज शाळेत शिकवायला पाहिजेत, माजी सैनिकाने हक्क कसा मागावा ह्याचा तो वस्तुपाठ आहे, रडगाणं नाही, मेहरबानीची भाषा नाही, केलेल्या नोकरीचा हिशोब.

सिव्हिलियनांचं काय, हा प्रश्न तर आपण विचारतच नाही. युद्ध फक्त वर्दीवाले लढत नाहीत. दिघीला ग्रेफचं सेंटर आहे, सीमेवरचे रस्ते बांधणारी माणसं तिथून जातात, पण बर्फात रस्ता उघडा ठेवणारा जो रोजंदारीचा मजूर असतो, झारखंडचा वगैरे, तो कुठल्याच यादीत नसतो. सीमेवर पाठीवर दारूगोळा आणि रेशन वाहणारे पोर्टर, त्यांना वर्षानुवर्षं रोजावर ठेवलं, शेवटी २०१७ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सरकारला सांगितलं की ह्यांच्यासाठी पगार, औषधपाणी, नुकसानभरपाई असलेली योजना करा. २००१-०२ ला ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, म्हणजे पाकिस्तान सीमेवर फौज नेऊन उभी केली तेव्हा, पंजाब-राजस्थानात शेतात सुरुंग पेरले, युद्ध झालंच नाही, पण शेतकऱ्यांची पिकं गेली, सुरुंग काढताना आणि नंतर माणसं, गुरं गेली, आणि भरपाईची भांडणं कित्येक वर्षं चालली. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तर पिढ्यान्पिढ्या कामगार आहेत, १९६५ आणि १९७१ ला तिथे डबल शिफ्ट चाललेल्या, त्यांच्यातल्या कोणाला स्टेजवर बघितलंय कोणी? मी तरी नाही.

आणि विधवा. हा भाग मी कोणाला सांगितला की लोकांना आधी खोटं वाटतं. शौर्यपदक मिळालेल्या सैनिकाच्या पत्नीला जो भत्ता मिळायचा तो तिने दुसरं लग्न केलं की बंद व्हायचा, अपवाद एकच, लग्न दिराशी केलं तर चालू. हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपर्यंत होता! एकविसाव्या शतकात सरकार कागदावर लिहून ठेवतं की वीरपत्नीने पैसे हवे असतील तर दिराशी लग्न करावं. घरात सासू-सुनेत पैशावरून जी भांडणं लागतात, आईवडिलांनी मुलगा गमावलेला आणि सुनेने नवरा, दोघांचा हक्क खरा, त्यात हा नियम म्हणजे आगीत तेल. पण ह्यावर मोर्चा नाही निघाला. कारण वीरपत्नी आपल्याला फोटोत पांढऱ्या साडीत हवी असते, ती पुढे जाऊन जगली तर आपली गोची होते.

युद्धाच्या नावावर हात मारणारे पण असतातच, मुंबईतली आदर्श सोसायटी विसरू नका. कारगिलच्या वीरांसाठी म्हणून जिचं नाव गाजलं त्या बिल्डिंगमध्ये राजकारण्यांचे नातेवाईक आणि बडे अधिकारी, २०१० ला मुख्यमंत्र्यांचा राजीनामा गेला, आणि नंतर चौकशी आयोगाने म्हटलं की ती जमीन कारगिलसाठी राखीव नव्हतीच. म्हणजे वीरांचं नाव घेऊन आरोप पण झाले आणि सह्या पण मिळाल्या, आणि कारगिलची विधवा ह्या सगळ्यात कुठेच नव्हती. तीच गोष्ट छोट्या प्रमाणात पुण्यात चालते, खोटी वर्दी घालून लग्न जमवणारा, नोकरी लावतो म्हणून पैसे खाणारा नकली मेजर दर काही महिन्यांनी पकडला जातो. लोक फसतात कारण वर्दी दिसली की प्रश्न विचारायचा नाही असं आपण शिकलोय.

ह्यावर मला नेहमी ऐकवलं जातं की कागद उघडले तर सैन्याचं मनोबल खचेल, शत्रूला फायदा होईल. पहिली गोष्ट, १९६२ चे तळ आणि तोफा आज कोणाच्या कामाच्या आहेत? दुसरं, मनोबल कशाने खचतं हे वानवडीच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बघा, कारण त्या मेजरांचा नातू भरतीची तयारी करतोय आणि आजोबांची फाइल तो रोज बघतो. आणि तिसरं म्हणजे हे सरकारने स्वतःच मान्य केलंय. २०२१ च्या जूनमध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण जाहीर केलं की युद्धाचा इतिहास पाच वर्षांच्या आत लिहून काढायचा आणि कागदपत्रं साधारण २५ वर्षांत खुली करायची. जुन्या युद्धांचं प्रकरणानुसार बघू म्हणाले, म्हणजे १९६२ चं परत लटकलं, पण कारगिलचं काय?

१९९९ ची २५ वर्षं २०२४ ला भरली. धोरण शब्दाला धरून चालवायचं तर कारगिलच्या फायली मागायला आता कोणाचीच हरकत नसावी, बटालिकची दुरुस्ती खरंच केली का ते बघायला, पोर्टरांची नोंद कुठे आहे का ते बघायला, कोणाच्या शिफारशी मध्येच गळाल्या ते बघायला. आणि अर्ज पुण्यातूनच जायला हवेत, कारण रिटायर झालेले अधिकारी इथे साळुंखे विहारपासून एनआयबीएमपर्यंत शेकड्याने राहतात, त्यांना नियम पाठ, इंग्रजी चांगलं, वेळ भरपूर, आणि पेपरात पत्र लिहून लिहून सगळ्यांचा हात बसलेला. वकिली माझ्याकडून होणार नाही पण मेजरांसारख्या माणसांच्या पत्रांची मराठी करून द्यायला मी तयार आहे, संध्याकाळी सातनंतर, फक्त येताना झेरॉक्स आणा, ओरिजिनल नको.